काउंटर-स्ट्राइक १.६: नवा डीई (बॉम्ब निकामी करण्याचा) नकाशा लोड होताना गेम बंद पडतो? माझा अनुभव

लक्षण: नकाशा यादीत दिसतो, पण सुरू केला की लोडिंग अर्ध्यावर थांबतं, ‘कुडन्ट ओपन अमुक.वॅड’ असा संदेश येतो आणि गेम बंद.

गेम पुन्हा इन्स्टॉल केला, ग्राफिक्सचा मोड बदलला, नकाशाची झिप परत उतरवली. फरक शून्य. जाम वैताग आला.

नकाशाची .बीएसपी फाइल मॅप्स फोल्डरमध्ये ठेवली की काम झालं असं वाटतं. पण भिंती-फरशांची चित्रं बऱ्याचदा वेगळ्या .वॅड फाइलमध्ये असतात आणि गेम ती मॅप्समध्ये शोधतच नाही.

गेम बंद करा. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, मॅनेज, मग ब्राउझ लोकल फाइल्स. तिथल्या सीस्ट्राइक फोल्डरमध्ये जा. .बीएसपी त्यातल्या मॅप्समध्ये, .वॅड मात्र थेट सीस्ट्राइकमध्ये. आकाशाच्या .टीजीए फाइल्स असतील तर जीएफएक्समधल्या एन्व्हमध्ये. झिपमध्ये आधीच सीस्ट्राइक फोल्डर असेल तर फक्त त्याच्या आतला माल इथे कॉपी करा, नाहीतर सीस्ट्राइकमध्ये सीस्ट्राइक तयार होतो.

आता गेम सुरू करून कन्सोलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘मॅप’ आणि पुढे नकाशाचं नाव लिहा, .बीएसपी न लावता. संदेशात दुसऱ्या .वॅडचं नाव आलं तर तीही सीस्ट्राइकमध्येच ठेवा. गेम एका वेळी एकीचंच नाव सांगतो.

मित्राच्या सर्व्हरवर ‘युअर मॅप डिफर्स’ आलं तर तुमची .बीएसपी मॅप्समधून हलवा आणि मित्राकडचीच प्रत घ्या. नाव सारखं असलं तरी आवृत्ती वेगळी असते.