सायटिका आणि कायरोप्रॅक्टर: कळ किती आहे ते नाही, कुठवर आहे ते बघा

नुसती कंबर धरली असेल तर ती उसण. सायटिकाची कळ कुल्ल्यातून निघते, मांडीच्या मागून गुडघ्याखाली उतरते, पोटरीत नाहीतर पावलात मुंग्या आणते आणि बहुतेकदा एकाच पायात असते. खोकला, शिंक आली की जीव जातो. कमरेच्या मणक्यांमधल्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एखादी फुगून नसेच्या मुळाशी टेकते, हे त्याचं नेहमीचं कारण.

लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत नि बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर कायरोप्रॅक्टर (हातानं मणके-सांधे दाबून, पिळून उपचार करणारा) विसरा. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.

एरवी एक-दोन दिवसांहून जास्त पडून राहू नका, घरातल्या घरात चाला. खाली मांडी घालून बसणं बंद. पायाळू माणसाची लाथ तर नकोच.

आता कायरोप्रॅक्टर. माझी सगळी गडबड इथेच व्हायची, कारण टेबलावरून उठल्यावर बरं वाटतंय की वाईट, हेच ठरवता येत नसे.

टेबलावर आडवं होण्याआधी त्यानं तुम्हाला तपासलं पाहिजे: सरळ पाय उचलून, पायाच्या अंगठ्याची ताकद बघून, गुडघ्यावर नि टाचेमागे हातोडी मारून. हे न करता कंबर पिळायला आला तर चपला घाला आणि निघा. हाडं ठिसूळ असतील, कॅन्सर होऊन गेला असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. दुखतोय पाय, तर मान मोडून घेण्याचं काही कारण नाही. आगाऊ पैशांचं पॅकेज घेऊ नका.

‘कड्’ आवाजावर भाळू नका. बोटं मोडताना येतो तसाच तो सांध्यातल्या वायूचा आवाज. त्यानं गादी ‘जागेवर बसत’ नाही. फुशारकी या धंद्यात जुनीच आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी पाठीवर दाब देऊन एकाचा बहिरेपणा घालवल्याचा दावा केला, तिथून ही पद्धत सुरू झाली.

खरी खूण वेगळी. जाण्याआधी कळ कुठवर पोचते ते बोटानं दाखवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. पोटरीतली कळ मांडीत किंवा कुल्ल्यात चढली असेल तर उपचार लागू पडतोय, मग कंबर आदल्या दिवसापेक्षा जास्त का ठणकेना. लोक नेमके इथे घाबरून सोडून देतात. उलट, कंबर हलकी झाली पण कळ पावलात उतरली, तर तो दाब पुन्हा घेऊ नका. माणूस कितीही नावाजलेला असो. एखादा दिवस अंग आंबलं तर चालतं.

घरी पालथं पडून कोपरांवर रेलायचा व्यायामही याच कसोटीवर ठेवायचा किंवा सोडायचा.

एमआरआयची घाई नको. काहीच दुखत नसलेल्यांच्याही गाद्या त्यात फुगलेल्या दिसतात. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, कायरोप्रॅक्टरकडे न जाताही. सहा आठवड्यांत ती जागची हललीच नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआय तेव्हा काढा.