पामिटॉइल पेप्टाइडचं एचपीएलसीवर शुद्धीकरण

एचपीएलसी म्हणजे दाबाखाली द्रव कॉलममधून ढकलून मिश्रणातले पदार्थ वेगळे करणं. साध्या पेप्टाइडची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची) पद्धत पामिटिक आम्ल जोडलेल्या, म्हणजे पामिटॉइल, पेप्टाइडला जशीच्या तशी लावू नका. पामिटिक आम्लाची १६ कार्बनांची साखळी सी-१८ कॉलमला (१८ कार्बनांच्या साखळ्या लावलेल्या भुकटीने भरलेल्या नळीला) घट्ट धरते. पीक (डिटेक्टरच्या आलेखातला उंचवटा) उशिरा आणि पसरट येतं. ३०० अँगस्ट्रॉम छिद्रांचा सी-४ किंवा सी-८ कॉलम घ्या, तापमान ४५ अंशांवर बांधून ठेवा. नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्यात एसी बंद-चालू झाला की खोलीचं तापमान हलतं आणि पीकची वेळही सरकते.

बफर ए म्हणजे पाणी, बी म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्का टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल). डिटेक्टर २१४ नॅनोमीटरवर.

खरी अडचण नमुना विरघळवण्यात आहे. नुसत्या पाण्यात त्याचे पुंजके होतात. आधी थोड्या डीएमएसओत (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) पूर्ण विरघळवा, मग ३० टक्के बी असलेल्या मिश्रणाने हळूहळू पातळ करा. गढूळपणा दिसला तर बी वाढवा. तसंच इंजेक्ट केलं तर कॉलमचं तोंड बुजतं. गाळणी पीटीएफईची (टेफ्लॉनची) वापरा, नायलॉनला माल चिकटू शकतो.

पहिला रन ४.६ × २५० मिमी कॉलमवर, मिनिटाला १ मिली प्रवाहाने, ५ ते ९५ टक्के बी, ३० मिनिटांत (बीचं प्रमाण असं वाढवत नेणं म्हणजे ग्रेडियंट). पीक आलं तेव्हा पंप ७४ टक्के बी दाखवत असेल, तरी ते मिश्रण अजून डिटेक्टरपर्यंत पोहोचलेलं नसतं. पंपापासून डिटेक्टरपर्यंत ४ मिली जागा असेल तर ४ मिनिटं मागे जा: खरा आकडा ६२. मग पुढच्या रनला ५५ ते ७० टक्के बी, मिनिटाला ०.५ टक्का. २१.२ मिमी कॉलमवर प्रवाह आणि माल २१ पट, ग्रेडियंटचा वेळ तोच.

पामिटॉइल न लागलेलं पेप्टाइड खूप आधी निघून जातं, त्याची काळजी नको. त्रास देतात ती एखादं अमिनो आम्ल गळालेली पण साखळी लागलेली पेप्टाइडं, आणि मेथिओनीन (एक अमिनो आम्ल) ऑक्सिडाइझ झालेलं पेप्टाइड: वस्तुमान १६ने जास्त, पीक जरा आधी. म्हणून फ्रॅक्शन (कॉलममधून निघणाऱ्या द्रवाचे वेगळे गोळा केलेले भाग) छोटे घ्या आणि प्रत्येकाचं मास, म्हणजे वस्तुमान, बघा. मूळ पेप्टाइडपेक्षा २३८.२ डाल्टन जास्त हवं. पीकच्या कडा मोहापायी मिसळू नका.

दर रननंतर ब्लँक (नमुना न घालता रन) चालवा. त्यात तेच पीक दिसलं तर प्रवाह निम्मा करून आयसोप्रोपेनॉलने धुवा. ते दाट असल्याने दाब चढतो.

लायोफिलायझरला (गोठवून निर्वातात सुकवणाऱ्या यंत्राला) लावण्याआधी रोटाव्हॅपवर (फिरत्या फ्लास्कमधून निर्वातात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) अ‍ॅसिटोनायट्राइल काढा, नाहीतर गोठलेला माल निर्वातात वितळून उसळतो. रोटाव्हॅपवर फेस येऊ लागला की निर्वात कमी करा. पावसाळ्यात फ्रीझरमधली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका; कोरडी पावडर हवेतला ओलावा लगेच ओढते.