व्हॅम्पायरच्या कादंबरीमालेवरून भयपट लिहिताना

मालेचा तिसरा-चौथा भाग हाती येईपर्यंत वाचकाला व्हॅम्पायरची भीती उरलेली नसते. त्याचे घराणे, जुनी प्रेमप्रकरणे, रुसवेफुगवे सारे ठाऊक झालेले असते आणि बहुधा तो वाचकाचा लाडकाही झालेला असतो. भयपट लिहिणाऱ्याला नेमकी हीच ओळख मोडावी लागते आणि रूपांतराचे निम्मे काम त्यातच आहे.

त्याआधी हक्कांचा करार लेखी करून घ्यावा व कोणती पुस्तके, कोणती पात्रे आणि किती मुदत हे त्यात स्पष्ट नोंदवावे. 1922 चा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या व्हॅम्पायर-कादंबरीवरून परवानगीविना, पात्रांची नावे बदलून काढला गेला; स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि जर्मन न्यायालयाने 1925 मध्ये त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या. निर्मितीसंस्था मात्र बुडाली.

मग प्रश्न येतो तो निवडीचा. सगळी माला दोन तासांत कोंबण्याचा मोह आवरावा. ॲन राइस या लेखिकेच्या व्हॅम्पायर-मालेतील 1985 आणि 1988 च्या दोन जाडजूड कादंबऱ्या एकत्र करून 2002 मध्ये ‘क्वीन ऑफ द डॅम्ड’ हा चित्रपट काढण्यात आला. त्यात हजारो वर्षांचा इतिहास इतक्या घाईने उरकला जातो की प्रेक्षकाला घाबरायला उसंतच मिळत नाही. याउलट ‘ड्रॅक्युला’तील, पेटीत लपलेल्या ड्रॅक्युलाला इंग्लंडला नेणाऱ्या डिमीटर जहाजाची नोंदवही हा कादंबरीचा अगदी छोटा भाग आहे, तरी 2023 मध्ये त्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. तो सर्वस्वी साधला असे मी म्हणणार नाही, पण निवड अचूक होती.

त्या मूळ नोंदी पटकथाकाराने मुद्दाम वाचाव्यात. कप्तान आधी एवढेच लिहितो की खलाशी कशाने तरी बिथरले आहेत. मग एक जण नाहीसा होतो, मग कोणालातरी डेकवर उंच, सडपातळ, अनोळखी माणूस दिसतो, म्हणून जहाजाची कसून झडती घेतली जाते. आणि मोठमोठ्या लाकडी पेट्यांखेरीज काही नसल्याने माणूस लपेल असा कोपराच नव्हता, असे कप्तान नोंदवून ठेवतो. पेट्यांत काय आहे हे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. आपल्या मालेत अशी जागा शोधावी, जिथे माणसे मोजकी आहेत, बाहेर पडण्याची वाट नाही आणि व्हॅम्पायरचे नावदेखील कोणाला माहीत नाही.

माला व्हॅम्पायरच्याच तोंडून सांगितलेली असेल, तर अडचण अधिक मोठी असते, कारण जो स्वतःचे दुःख सांगतो त्याची कीव येते, धास्ती वाटत नाही. अशा वेळी तोच प्रसंग बळी पडणाऱ्याच्या बाजूने पुन्हा लिहावा आणि निवेदन शक्यतो काढून टाकावे, मग त्यातली सुंदर वाक्ये गेली तरी चालतील.

नियमांच्या बाबतीत मूळ पुस्तकाशी एकनिष्ठ राहण्याचा हट्ट नको. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना रूढ झाली ती ‘नोस्फेराटू’मुळे. प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर मालेत अपवादांची भर पडत जाते. त्यांतले दोन-तीन नियम ठेवावेत, बाकीचे सोडून द्यावेत, आणि ठेवलेला प्रत्येक नियम शेवटच्या झटापटीत उपयोगी पडण्यापूर्वी एकदा तरी पडद्यावर घडताना दाखवावा. आमंत्रणाशिवाय तो उंबरा ओलांडत नसेल, तर सुरुवातीलाच कोणीतरी त्याला सहज, सौजन्यापोटी ‘आत या’ म्हणावे.

पहिला खर्डा झाला की तो माला न वाचलेल्या व्यक्तीस द्यावा. जिथे तिला ‘हा कोण?’ असे विचारावे लागेल, तिथे खुलासा करणारा संवाद न घालता ते पात्रच काढून पाहावे.