पेटंटच्या कामात येताय? आधी संशोधकांची यादी नीट वाचा

रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी पेटंटच्या कामात आले, तेव्हा घरच्यांना ही वकिलीच वाटत होती. प्रत्यक्षात पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करणारा, व्हायला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, एलएलबी लागत नाही. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, पण फायलिंग आता ऑनलाइन होतं. परीक्षेच्या तयारीवर बरंच लिहिलं गेलंय, म्हणून मी ते सोडून देते.

दर शुक्रवारी पेटंट जर्नल येतं, ते वाचायची सवय लावून घ्या. अर्ज साधारण १८ महिन्यांनी तिथे प्रसिद्ध होतो. ७२ क्रमांकाच्या रकान्यात संशोधकांची नावं असतात. त्यात बायका किती दिसतात ते बघा. २०२३ साली पीसीटीच्या, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांत पेटंट मागता येणाऱ्या कराराच्या, आंतरराष्ट्रीय अर्जांत नोंदलेल्या संशोधकांपैकी १७.७ टक्के बायका होत्या. जैवतंत्रज्ञान, औषधं, अन्नरसायन या विषयांत त्या जास्त दिसतात, यंत्रांच्या भागांत अगदी कमी.

हा आकडा अंदाजाचा असतो, कारण अर्जांवरच्या नावांवरूनच बाई की पुरुष हे ठरवतात. किरण किंवा शीतल आलं की पंचाईत. त्यात आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणजे एकच बाई डेटाबेसमध्ये दोन संशोधक होऊन बसते. सर्च करताना दोन्ही नावांनी करा. स्वतः संशोधक असाल तर रिसर्च पेपरवर जे नाव आहे तेच अर्जावर ठेवा.

पण माझ्या मते खरी गळती याच्या कितीतरी आधी होते, कंपनी किंवा कॉलेज डिस्क्लोजर फॉर्म, म्हणजे शोध काय आणि कुणाचा हे सांगणारा फॉर्म, भरतं तेव्हा. एका मीटिंगमध्ये यादीत सगळे पुरुष होते आणि कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसली होती. 'त्या रिझल्ट्स बघतात,' मॅनेजर म्हणाले. मी विचारलं, "सॉल्व्हंट बदलायचं कुणाला सुचलं?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने वही उघडून दाखवली. बऱ्याच महिन्यांपूर्वीची तारीख, खाली तिच्याच अक्षरात: 'तापमान कमी ठेवून सॉल्व्हंट बदलून पाहणे.' आमचा पहिला क्लेम, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणारं अर्जातलं वाक्य, त्याच ओळीवर उभा होता. तिचं नाव यादीत गेलं.

इथे एक भेद पक्का समजून घ्या. दुसऱ्याने सांगितलेली चाचणी करून दिली म्हणून कुणी संशोधक ठरत नाही. क्लेममधली कल्पना कुणाची, हे बघायचं असतं. म्हणून 'टीममध्ये कोण होतं' असं विचारू नका, एकेक क्लेम समोर ठेवून 'हे कुणाला सुचलं' असं विचारा. ज्युनियर असलात तरी विचारा, ते तुमचं कामच आहे. आणि प्रयोगशाळेत असाल तर वहीत तारीख आणि सही रोजच्या रोज घाला.

याचा परिणाम श्रेयापुरता राहत नाही. अमेरिकेतल्या जैववैद्यकीय पेटंटांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फक्त बायका असलेल्या गटांचे शोध स्त्रियांच्या आरोग्याविषयी असण्याची शक्यता फक्त पुरुष असलेल्या गटांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त निघाली. शोध लावणाऱ्या बायका कमी असतील, तर काही दुखण्यांवर शोधच कमी लागणार.

२०१९ पासून महिला अर्जदाराला परीक्षण लवकर करून मागता येतं, फॉर्म १८ए भरून. मात्र या सोयीसाठी अर्जदार कोण ते बघतात, संशोधक कोण ते नव्हे. अर्ज कंपनीच्या नावावर असेल, तर आत संशोधक म्हणून बाई असल्याने तो या सवलतीत बसत नाही. नव्या मुली इथे हमखास गोंधळतात. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्या बाईला मात्र हे आवर्जून सांगा, अनेकींना माहीतच नसतं.

संशोधकाचं नाव यादीतून राहून गेलं असेल तर पेटंट कायद्याच्या कलम २८ खाली फॉर्म ८ भरून मागणी करता येते, पण पेटंट मंजूर होण्याआधीच. म्हणून फाइल हातात आली की मंजुरीची वाट न पाहता यादी तपासा, आणि शंका असेल तर त्याच आठवड्यात क्लायंटला लेखी विचारा. फोनवर विचारलेलं पुढे कुणाला आठवत नाही.