३२ आणि ६४-बिट एकाच लिनक्सवर: पार्टिशनचे माप कसे ठरवावे

६४-बिट लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारे) किंवा स्टीम (गेमचे दुकान) टाकायचे ठरले की ३२-बिट लायब्ररीही (प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक फाइली) मागोमाग येतात. मग रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टिम बसते तो भाग, दुप्पट करायचे का? गरज नाही. डेबियन आणि उबुंटूत दोन्ही आर्किटेक्चरच्या (३२ आणि ६४-बिट) लायब्ररी वेगवेगळ्या फोल्डरांत शेजारी-शेजारी नांदतात, पण आयकॉन, भाषांतरे, मदतीची पाने दोघांत मिळून एकच असतात. प्रोग्रामही बहुतेक ६४-बिटच राहतात. वाढतात त्या फक्त लायब्ररी, आणि त्यात सर्वांत जड ग्राफिक्सचा भाग: मेसा या ग्राफिक्स संचाच्या ३२-बिट ड्रायव्हरला एलएलव्हीएम ही कंपायलर लायब्ररी लागते आणि ती एकटीच शंभर एमबीच्या पुढे जाते. तरीही सगळे मिळून एक-दोन जीबीत आटोपते. डिस्क भरते ती व्हार (सिस्टिमचा बदलता डेटा) आणि होम (तुमच्या फाइली) या फोल्डरांमुळे.

पायरी १: अंदाज नको, मोजा

चालू मशीन असेल तर डीयू या आकार मोजणाऱ्या कमांडने यूएसआर (प्रोग्राम आणि लायब्ररी), व्हार आणि होम यांचे आकार वेगवेगळे काढा. मग ३२-बिट आर्किटेक्चर जोडा, पॅकेज यादी ताजी करा आणि वाइन-स्टीमच्या इन्स्टॉलची कमांड द्या. 'हो की नाही' विचारण्याआधी एपीटी (पॅकेज बसवणारे साधन) किती डाउनलोड होणार आणि डिस्कवर किती जागा जाणार ते दाखवते. ते आकडे टिपून घ्या आणि 'नाही' म्हणा. तुमच्या मशीनसाठी यापेक्षा भरवशाचा आकडा कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही.

पायरी २: छोटे पार्टिशन आधी उरकून घ्या

ईएफआयसाठी (मशीन सुरू होताना सर्वांत आधी वाचले जाणारे पार्टिशन) ५१२ एमबी, फॅट३२ फाइलसिस्टिम. बूट (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा जिथे असतो ते) वेगळे ठेवत असाल तर १ जीबी. जुन्या लेखांतले २०० एमबी आता पुरत नाहीत. फर्मवेअरसकट एक इनिट-रॅम-एफएस (सुरू होताना रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टिम) सहज ५० ते १०० एमबीची होते आणि कर्नल किमान दोन तरी राहतात. अपडेटच्या मध्येच बूट भरले, तर नवी इनिट-रॅम-एफएस अर्धवट राहते, डीपीकेजी (एपीटीच्या खालचे पॅकेज साधन) त्या पॅकेजवर अडून बसते आणि पुढची सगळी पॅकेजेस तिच्यामागे खोळंबतात. अशा वेळी रीस्टार्ट करू नका. वापरात नसलेला जुना कर्नल काढा आणि अडलेले कॉन्फिगरेशन पूर्ण करून घ्या.

स्वॅप म्हणजे रॅमला पूरक डिस्कवरची जागा. तिचा प्रश्न हायबरनेटवर (रॅममधले सगळे डिस्कवर लिहून मशीन बंद करणे) ठरतो. हायबरनेट हवे असेल तर रॅमइतके आणि वर थोडे. नको असेल तर ४ जीबी पुष्कळ.

पायरी ३: रूट

व्हार रूटमध्येच ठेवा आणि ६० जीबी द्या. व्हार वेगळे काढायचा सल्ला सर्व्हरवर ठीक. डेस्कटॉपवर त्याने एकीकडे जागा पडून राहते आणि दुसरीकडे तुटवडा होतो. यूएसआर तर वेगळे काढूच नका.

व्हारमध्ये काय साचते ते बघा. सिस्टिमभर टाकलेले फ्लॅटपॅक (स्वतंत्र गठ्ठ्यातले ॲप) इथेच येते आणि त्याचे रनटाइम (ॲप चालायला लागणारा संच) सिस्टिमच्या लायब्ररी न वापरता स्वतःच्या घेऊन येतात. ३२-बिट जोड पुन्हा निराळी. डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) वापरत असाल तर त्याच्या इमेजही इथेच. सिस्टिमडीची जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत, पण कमाल ४ जीबी घेते. डेबियनची पुढची आवृत्ती चढवताना काही जीबी पॅकेजेस आधी इथे उतरतात आणि मग उलगडतात, म्हणजे दोन्हींना एकाच वेळी जागा लागते. २० जीबीचे रूट रोज चालेल, अडकेल नेमके त्या दिवशी.

एक गफलत नेहमी होते. ३२-बिट पॅकेज बसत नाही म्हणून लोक पार्टिशन वाढवायला निघतात, पण कारण जागेचे नसते. एकाच लायब्ररीच्या दोन्ही आर्किटेक्चरच्या प्रतींची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. बाहेरच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजच्या साठ्यातून) ६४-बिट प्रत पुढे गेली असेल, तर ३२-बिट प्रत बसणारच नाही.

पायरी ४: होम आणि मोकळी जागा

वाइनचा प्रत्येक प्रीफिक्स (त्याचे विंडोजसारखे फोल्डर) काही शे एमबीचा, आणि स्टीमचे गेम मुळात होममध्येच जातात. विंडोजशी सामायिक एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) पार्टिशनवर स्टीम लायब्ररी ठेवायचा मोह टाळा: प्रोटॉन (स्टीमची वाइनवर बेतलेली आवृत्ती) 'सी:' अशा नावाचे दुवे बनवते आणि विंडोजला फाइलच्या नावात तो विसर्गासारखा कोलन चालत नाही.

५१२ जीबीची डिस्क लिनक्समध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, कारण कंपनी दशमानात मोजते आणि सिस्टिम १०२४च्या पटीत. १६ जीबी रॅम आणि हायबरनेट धरून वाटणी (जीबीत) अशी: ईएफआय अर्धा, बूट १, स्वॅप १८, रूट ६०, होम ३००. उरलेले ९६ च्या आसपास कोणालाच देऊ नका. ईएफआय-बूट सोडून बाकी सगळे एलव्हीएमवर (पार्टिशनांची लवचिक मांडणी) घेतले, तर ही जागा चालू मशीनवर एका कमांडने रूटला किंवा होमला जोडता येते. एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) वाढवणे सोपे. लहान करायला ती अनमाउंट (सिस्टिमपासून वेगळी) करावी लागते, म्हणजे रूटसाठी लाइव्ह यूएसबी आलीच. एलव्हीएम नको असेल तर मोकळा पट्टा रूटला लागून, त्याच्या शेवटच्या बाजूला सोडा, कारण पार्टिशन शेवटाकडे सहज वाढते. सुरुवात मागे सरकवायची तर सगळा डेटाच हलवावा लागतो.

एक्स्ट४ मुळातच ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी (व्यवस्थापकासाठी) राखते. रूट पार्टिशनवर ती राहू द्या. ३०० जीबीच्या होमवर मात्र १५ जीबी अडकून पडतात. ट्यून२एफएस कमांडने तिथे १ टक्का करा.