पॅरिसचे पँथिऑन: आधी लंबक, मग तळघर

फ्रान्समधील थोर व्यक्तींच्या समाध्या असलेल्या पॅरिसच्या पँथिऑनमध्ये शिरल्यावर बहुतेक जण घुमटाखाली झुलणाऱ्या फूकोच्या लंबकाचे छायाचित्र घेऊन लगेच पुढे सरकतात, आणि पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी पाहण्याची संधी हुकते.

१. आत जाताच, ६७ मीटर तारेला टांगलेला तो पितळी गोळा खालच्या वर्तुळाकार पट्टीवरील कोणत्या खुणेवरून जातो, हे वेळेसह टिपून ठेवावे.

२. मग तळघरातील समाध्या पाहाव्यात. लेखक व्हिक्टर ह्यूगो, एमिल झोला आणि अलेक्झांडर द्युमा एकाच दालनात आहेत. मेरी आणि पिएर क्युरी यांच्या समाधीपाशी मात्र थोडे थांबावे, कारण १९९५ साली स्वतःच्या कर्तृत्वावर येथे स्थान मिळवणारी ती पहिली स्त्री होय.

३. तासाभराने वर येऊन त्याच जागी उभे राहावे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पॅरिसच्या अक्षांशावर झोक्याची दिशा तासाला सुमारे ११ अंशांनी वळत असल्याने फरक स्पष्ट दिसतो.

नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो. परंतु हिवाळ्यात घुमटावर जाता येत नाही, म्हणून वरून शहर पाहायचे असल्यास उन्हाळ्यातच जावे.