नाशिकची शिराझ नुसती जळजळते? या चुका टाळा

रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची हे ज्याने कुणी सांगितलं त्याने एप्रिलमधला नाशिकचा हॉल बघितलेला नाही. तो नियम युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडे बाहेर ३८-४० डिग्री, कपाटातली बाटली ३० च्या वर, ती तशीच उघडली की आधी अल्कोहोल नाकात जातो, फळाचा वास कुठल्या कुठे, आणि मग आपण म्हणणार की नाशिकची रेड काही खरी नाही. शिराझ, म्हणजे याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन, १६ ते १८ डिग्रीला प्या. उन्हाळ्यात तासभर तरी फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, बूच वर येतं. आणि प्लीज, बर्फ नको.

दुसरी चूक डिकीतली. गंगापूर रोडच्या वायनरीत वाईन चाखली, बाटल्या घेतल्या, मग त्र्यंबकला दर्शन, जेवण, गाडी दिवसभर उन्हात. आतली वाईन अक्षरशः शिजते, बूच किंचित फुगून वर येतं, कडेने चिकट ओघळ दिसतो आणि चव उकळलेल्या मुरंब्यासारखी. यावर उपाय नाही, बाटली घरी जाताना शेवटी घ्या एवढंच.

“जुनी तितकी भारी” हे सगळ्या बाटल्यांना लागू नाही. आपल्याकडच्या बहुतेक साध्या शिराझ लवकर प्यायलाच बनवतात, रिझर्व्ह, म्हणजे वरच्या दर्जाची, असेल तर थोडी थांबते, पण किचनच्या लॉफ्टवर कुठलीच टिकत नाही. लेबलवरचं साल बघताना अजून एक, इथे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते आणि वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तुटतात, फ्रान्समध्ये सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे त्याच सालची नाशिकची बाटली फ्रेंच बाटलीपेक्षा सहाएक महिने मोठी. थंडीत निफाड-दिंडोरीकडे रात्री पारा जो उतरतो ना, त्यानेच मण्यातला आंबटपणा टिकतो, नाहीतर एवढ्या उन्हात नुसती साखर झाली असती.

शिराझ नावावरून ही जात इराणची असं बरेच जण छातीठोक सांगतात, तर तसं नाही. शिराझ म्हणजेच सिरा, मूळ फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्याकडचं, डीएनए तपासणीत आई-बाप दोन्ही फ्रेंच द्राक्षं निघाली. आणि बाजारातल्या काळ्या सीडलेसशी तिचा संबंध नाही, वाईनचा मणी बारीक, बी असलेला, साल जाड. रंग आणि तुरटपणा मुख्यतः त्या सालीतला.

आता जेवण. मिसळीच्या तर्रीबरोबर शिराझ घेऊ नका, तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही अंगावर येतात आणि तोंडाची आग होते. कमी तिखट, काळी मिरी घातलेलं सुकं मटण घ्या, शिराझमध्ये मुळातच मिरीचा वास असतो त्यामुळे जमून जातं.

उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष आहे, हवा लावून जात नाही, दुकानात परत न्या. तळाला काळपट गाळ असेल तर मात्र घाबरू नका, दिवसभर उभी ठेवून हळू ओता. बूच तुटून आत पडलं तर चहाची गाळणी, पण ती धुतलेली हवी, नाहीतर आल्याचा वास येतो. उरलेली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये, तीनेक दिवसांत संपवा. त्यानंतर व्हिनेगरसारखी लागायला लागली की मटण मुरवायला वापरा.